उलट्या लेन्समधून कोळी

किड्यांची छायाचित्रे काढायला महागडी मॅक्रो लेन्सच हवी, असे नाही. जुनी ५० मिलिमीटरची लेन्स कॅमेऱ्यावर उलटी बसवावी. त्यासाठीची कडी स्वस्तात मिळते. छिद्र लहानमोठे करण्याची सोय लेन्सवरच असावी, एवढे पाहावे. फोकससाठी मात्र श्वास रोखून स्वतःच पुढेमागे व्हावे लागते. स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम मिलिमीटरभर, म्हणून नेम डोळ्यांवर! पहाटे किडे गारठलेले असतात, ती वेळ उत्तम. पावसाळ्याअखेर आमच्या बांधावर पांढरी नागमोडी नक्षी विणून, डोके खाली करून बसलेली कोळ्याची मादी हमखास सापडते. तिला काडीने डिवचणारे छायाचित्रकार मला आवडत नाहीत. छायाचित्रातले आठ डोळे पाहिल्यापासून आईही वाटेतले जाळे विळ्याने तोडत नाही, वळसा घालून जाते.