विश्लेषण : पदवीवर अपोस्टिल असूनही जर्मनीत का चालत नाही?

परदेशातली नोकरी पक्की झाली की कंपनीकडून कागदपत्रांची यादी येते. तिच्यात अनेकदा एक शब्द असतो, ‘अपोस्टिल’. आमच्या इंजिनीअरिंगच्या बॅचमधल्या एकाने एजंटला पैसे मोजून पदवीवर ते करून घेतले. जायचे होते जर्मनीला. तिथे त्या स्टिकरचा काडीचाही उपयोग झाला नाही आणि रुजू होण्याची तारीख पुढे गेली.

अपोस्टिल म्हणजे काय?

१९६१ च्या हेग करारानुसार मिळणारे प्रमाणपत्र. सदस्य देशांनी दूतावासांच्या शिक्क्यांची साखळी बाजूला ठेवून हा एकच दाखला मान्य केला. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. परराष्ट्र मंत्रालय कागदाच्या मागे क्रमांक असलेले स्टिकर लावते. त्यातून कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे, एवढेच कळते. मजकुराची हमी मिळत नाही. जन्मदाखल्यावर आडनाव चुकले असेल, तर अपोस्टिलनंतरही ते चुकलेलेच राहते.

मग जर्मनीत अडले कुठे?

दोन्ही देश करारात आहेत. पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप घेतला, त्यामुळे या दोघांमध्ये करार लागू नाही. भारतीय पदवीसाठी तिथे ‘आनाबिन’ या डेटाबेसमध्ये विद्यापीठाची नोंद पाहतात, गरज पडल्यास पदवीच्या समकक्षतेचे वेगळे प्रमाणपत्र मागतात. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आहे. तिकडे जाऊ पाहणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावे.

आखाती देशांचे काय?

सरसकट एक नियम नाही. यूएई, कतार करारात नाहीत. तिथे परराष्ट्र मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. ओमान, बहारीन करारात आहेत. सौदी अरेबियात ७ डिसेंबर २०२२ पासून, तर कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल चालते. त्याआधी गेलेल्या नातेवाइकाचा सल्ला म्हणूनच तपासून घ्यावा.

कागद कुठे द्यायचे?

आधी राज्याची पडताळणी. पदवीसाठी शिक्षण विभाग, जन्म-विवाह दाखल्यासाठी गृह विभाग. मग परराष्ट्र मंत्रालय. मात्र २०१२ पासून तिथे थेट अर्ज घेत नाहीत, नेमलेल्या संस्थांमार्फतच द्यावा लागतो. २०१९ पासून हे काम मुंबईतही होते. अपोस्टिलचे सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये. त्यावर संस्थेचे सेवाशुल्क, राज्य पातळीवरचा खर्च आणि कुरिअर. एजंट हजारांचा आकडा सांगेल तेव्हा प्रत्येक रकमेचा हिशेब मागावा.

आणखी एक. आपल्याकडे प्रमाणपत्र हातात पडले की ते लॅमिनेट करण्याची घाई असते. प्लास्टिकवर ना शिक्का उमटतो, ना सही. दुय्यम प्रत काढायची वेळ आलीच, तर ऑफर लेटरची वाट न पाहता विद्यापीठात अर्ज टाकलेला बरा.