धरण फुकट दिसतं, मग तिकीट कशाचं? जायकवाडीच्या एका दिवसाच्या सहलीचा हिशोब



पर्यटनाचा व्यवसाय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, गाडी कुठली घेऊ?" गाडी आज बाजूला ठेवा. हप्ता सुरू झाला की तो दर महिन्याला येतो, गिऱ्हाईक येवो न येवो. आज आपण एकच सहल घेऊन बसू आणि ती वहीवर पूर्ण मांडू. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला, जायकवाडी धरण बघायला. जास्तीत जास्त बारा माणसं, एक दिवस, सोबत माहिती सांगणारे तुम्ही.

आता अडचण बघा. पैठण पन्नासेक किलोमीटरवर. एसटी जाते, घरची मोटरसायकल जाते. धरण लांबून बघायला कुणी पैसे मागत नाही. मग एखादा माणूस तुम्हाला माणशी दीड हजार का देईल?

याचं उत्तर एकच. तो भरवशाचे पैसे देतो. कुणीतरी आधी जाऊन आलंय, काय उघडं आणि काय बंद ते विचारून ठेवलंय, आईबाबांना स्वच्छ बाथरूम कुठे मिळेल ते बघितलंय, संध्याकाळी पाचला घरी सोडणार म्हणजे सोडणार, आणि वाटेत आपल्याला कुणी फसवणार नाही. हा भरवसा तुमचा माल आहे. पुढचं सगळं हा माल तयार कसा करायचा याबद्दल.

१. गिऱ्हाईक कोण?

"सगळेच" असं उत्तर आलं की समजायचं, अजून विचार झालेला नाही. या सहलीला मला दोन गिऱ्हाइकं दिसतात.

पहिलं, शहरातलंच कुटुंब. संभाजीनगरच्या नळाला येणारं पाणी जायकवाडीचं. ते किती दिवसांनी येतं यावर घरोघरी रोज चर्चा होते, पण ते पाणी येतं कुठून हे पोरांना नीट दाखवलंय किती जणांनी? "आपल्या नळाचं पाणी बघायला चला" ही ओळ कुठल्याही रंगीत पोस्टरपेक्षा चांगली चालेल.

दुसरं, वेरूळ-अजिंठा बघायला आलेला पाहुणा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. तीन-चार दिवसांसाठी आलेल्या माणसाचं वेळापत्रक तिथेच अडखळतं आणि तो हॉटेलच्या काउंटरवर विचारतो, "आज काय बघता येईल?" त्या काउंटरवरच्या माणसाकडे तुमचा नंबर पाहिजे.

२. धरणाची गोष्ट पाठ पाहिजे

जायकवाडी हे मातीचं धरण. भिंत जवळपास दहा किलोमीटर लांब, दरवाजे २७. नुसतं उभं राहून बघितलं तर पाच मिनिटांत माणूस म्हणतो, "बघितलं, चला." तिथे तुमचं काम सुरू होतं.

पहिली गोष्ट नावाची. धरण पैठणला, मग नाव जायकवाडी का? कारण आधी ते खाली बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधायचा विचार होता. जागा बदलली, नाव राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. जलाशयाला नाव मिळालं नाथसागर, पैठणच्या एकनाथ महाराजांवरून.

दुसरी गोष्ट शून्य टक्क्यांची. उन्हाळ्यात पेपरात येतं, "जायकवाडी शून्यावर". पण समोर तर पाणी दिसतं! इथे सांगायचं की धरणाची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी, त्यातला सुमारे २६ टीएमसी मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती त्यावरच्या ७६ टीएमसीची. आणि एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३० कोटी लिटर. हे ऐकल्यावर लोक घरी जाऊन पेपर वेगळ्या नजरेने वाचतात.

तिसरी गोष्ट भांडणाची. वर नाशिक-नगरची धरणं, खाली मराठवाडा. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, असं सूत्र राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये ठरवून दिलं. तुमच्या गाडीत एक कुटुंब नाशिकचं आणि एक जालन्याचं असेल तर इथे आवाज चढतात! दोन्ही बाजू सांगा, निकाल देऊ नका. आणि ज्यांची घरं-शेतं या पाण्याखाली गेली त्यांच्याबद्दलही बोला. आपण ज्या पाण्याचे फोटो काढतोय तिथे कुणाचं तरी अंगण होतं, हे सांगताना आवाज आपोआप हळू होतो.

३. दिवस असा मांडा

मी हंगाम धरेन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात दरवाजे उघडले की गर्दी लोटते, पण तो दिवस तुम्ही ठरवत नाही. पाणी किती येतंय त्यावर ते ठरतं, रस्ते अडवले जातात. २००६ च्या ऑगस्टमध्ये तर सोडलेल्या पाण्याने पैठण गावातच पूर आला होता. म्हणून "दरवाजे उघडताना बघा" असं तिकीट कधी विकू नका.

हिवाळ्यात नाथसागरावर पक्षी येतात. जलाशय पक्षी अभयारण्य आहे. चक्रवाक, तलवार बदक दिसतात, नशीब असेल तर रोहित.

सकाळी सव्वासहाला निघायचं. पावणेआठला काठावर पक्षी, सोबत माहितगार स्थानिक माणूस. सव्वानऊला नाश्ता. दहाला धरण आणि वरच्या तीन गोष्टी. साडेअकराला पैठणीचे माग. एकला जेवण. अडीचला गावातलं नाथांचं मंदिर आणि गोदाकाठची समाधी. साडेतीनला परत, पाचच्या आत घरी.

प्रत्येक थांब्याला एक पर्याय लिहून ठेवा. भिंतीवर जायला परवानगी लागते, ती मिळेलच असं धरून कार्यक्रम छापायचा नाही. ज्ञानेश्वर उद्यान चालू आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारायचं. नाथषष्ठीच्या यात्रेत ही सहल ठेवायचीच नाही. लाखो लोकांत बारा माणसं सांभाळता येत नाहीत.

४. आता वही काढा

खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेत. तुमच्या गावचे भाव टाकून स्वतःचा तक्ता करा.

माणसं कितीही आली तरी होणारा खर्च:
- १३ सीटर ट्रॅव्हलर, डिझेल आणि चालकासह: ६,५०० रुपये
- तुमची मजुरी: १,५०० रुपये
- फोन, जाहिरात, औषधपेटी वगैरे: ५०० रुपये
- एकूण: ८,५०० रुपये

दर माणशी खर्च (नाश्ता, जेवण, चहा-पाणी, स्थानिक माणसाचं मानधन): ४०० रुपये.

तिकीट १,५०० रुपये. म्हणजे प्रत्येक माणसामागे हातात उरतात १,१००. आता ८,५०० भागिले १,१००. उत्तर पावणेआठच्या आसपास. म्हणजे आठवा माणूस चढला की सहल स्वतःच्या पायावर उभी राहते. दहा आले तर २,५०० नफा, बारा आले तर ४,७००.

आता कुणीतरी सांगेल, "बाराशे करा, गर्दी होईल." करून बघू. बाराशेतून चारशे गेले, उरले ८००. आता ना नफा ना तोटा व्हायला अकरा माणसं लागतात! आणि गाडी पूर्ण भरली तरी नफा फक्त १,१००. तिकीट वीस टक्के उतरवलं आणि भरलेल्या गाडीचा नफा ४,७०० वरून ११०० वर आला. लहान गटाच्या धंद्यात सवलत अशी गळा धरते. भाव उतरवण्यापेक्षा काहीतरी वाढवून द्या. दोन दुर्बिणी गाडीत ठेवा, मुलांसाठी पक्ष्यांच्या चित्रांचं एक पान छापून द्या. खर्च एकदाच, उपयोग हंगामभर.

आणि तुमची मजुरी खर्चात धरलीच पाहिजे. "माझं काय, मी घरचाच" असं म्हणणारा माणूस दोन वर्षांत धंदा बंद करतो आणि म्हणतो, या लाइनीत पैसा नाही.

५. गुरुवारची संध्याकाळ

रविवारची सहल, पण निर्णय गुरुवारी संध्याकाळी सहाला. त्यासाठी दोन गाडीवाल्यांशी आधीच बोलून ठेवायचं. एक ट्रॅव्हलरवाला, एक आठ सीटर कारवाला.

- आठ किंवा जास्त नावं: ट्रॅव्हलर.
- पाच किंवा सहा: छोटी गाडी. गाडीचं भाडं ३,५०० धरलं तर ठरलेला खर्च ५,५०० वर येतो. पाच माणसांत बरोबरी, सहा असतील तर ११०० नफा.
- सात: ट्रॅव्हलरच न्यायची. आठशेचा तोटा तुमच्या मजुरीतून सोसायचा.
- पाचाच्या खाली: रद्द. गुरुवारीच फोन, त्याच दिवशी पूर्ण पैसे परत.

हा नियम बुकिंग घेतानाच सांगायचा. शनिवारी रात्री दहाला "सॉरी, जमत नाहीये" असा मेसेज ज्याला गेला, तो माणूस परत येत नाही आणि दहा जणांना सांगतो ते वेगळंच.

६. पैठणीच्या दुकानातलं कमिशन

आता खरी परीक्षा. पैठणीच्या दुकानात पाहुणे नेले की दुकानदार म्हणेल, "भाऊ, विक्रीवर तुमचं बघून घेऊ." पंधरा हजारांची साडी गेली आणि दहा टक्के मिळाले तर दीड हजार! म्हणजे तुमची दिवसभराची मजुरी. मोह होणारच.

पण विचार करा. तुमच्या गाडीत बाराच माणसं आहेत. दिवसभरात ती एकमेकांशी बोलायला लागलेली असतात. घरी गेल्यावर ताईंना कळलं की तीच साडी दुसरीकडे हजाराने कमी होती, की नळाच्या पाण्याची गोष्ट, पक्षी, चहा, सगळं खोटं वाटायला लागतं. "बाकीचंही कमिशनसाठीच होतं का?" हा प्रश्न एकदा पडला की तुमचा माल नासला.

माझं मत स्पष्ट आहे. कमिशन घ्यायचं नाही, आणि घेत नाही हे गाडीतच सांगायचं. पाहुण्यांना आधी माग दाखवा, विणकराशी बोलू द्या. खऱ्या हातमागाच्या पैठणीची नक्षी उलट्या बाजूनेही सुलट्यासारखीच स्वच्छ दिसते, ते पदर उलटून दाखवा. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा अर्थ सांगा. मग म्हणा, "घ्यायची असेल तर घ्या, नसेल तर नका घेऊ, जेवण एकला आहे." ज्या विणकराचा वेळ आपण घेतो त्याला ठरलेलं मानधन द्या आणि ते तिकिटात धरा. असा हिशोब चारचौघांत सांगायला लाज वाटत नाही.

७. कागद आणि काठ

गाडी पिवळ्या पाटीचीच. मित्राच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे घेऊन माणसं बसवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते आणि तुम्ही एकटे उरता. परमिट, विमा, फिटनेस, चालकाचा परवाना यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. तिथे पोचाल तेव्हा सीएकडे जा.

आणि पाणी. नाथसागराच्या काठावर पोहणं नाही, पाण्यात उतरून सेल्फी नाही, ड्रोन नाही. पाहुणा रुसला तरी चालेल. गाडी निघाली की माणसं मोजा, प्रत्येक थांब्यावर परत मोजा.

नोकरी सोडायची का?

नाही. स्वच्छ सांगतो. हंगामात सोळा रविवार धरा, सरासरी दहा माणसं. नफा २,५०० आणि मजुरी १,५०० मिळून दर रविवारी ४,०००. सोळा रविवारचे ६४,०००. जोडधंदा म्हणून छान, संसार चालवायला कमी. पण या सोळा रविवारांत तुमच्याकडे दीडशेवर माणसं अशी जमतात ज्यांनी दिवसभर तुमचं काम बघितलंय. त्यातलाच एखादा शाळेची सहल देतो, एखादी सोसायटी पुढच्या वर्षी पंढरपूरला घेऊन चला म्हणते. गाडीचा विचार तेव्हा करा.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या गावापासून तासाभरावरचं एक धरण निवडा. भंडारदरा असो, कोयना, उजनी नाहीतर गावाशेजारचं पाटबंधाऱ्याचं. एसटीने एकटे जा. चार गोष्टी लिहून आणा: धरणाबद्दल तीन खऱ्या गोष्टी, स्वच्छ बाथरूमची जागा, जेवणाचा दर आणि दोन गाडीवाल्यांचे भाव. मग वरचा तक्ता भरा आणि कितवा माणूस चढल्यावर तुमची सहल उभी राहते ते काढा. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. तो लिहिल्याशिवाय एकही बुकिंग घेऊ नका.