मुरारबाजीचे धड आणि डॉक्टर पॅलिस

मॉरिस ब्रिंटन नावाच्या लेखकाची एक पुस्तिका कॉलेजात असताना हाती लागली होती. रशियन क्रांतीनंतर कामगार समित्यांच्या मुसक्या खुद्द बोल्शेविकांनीच कशा आवळल्या, याचा तारीखवार पंचनामा. प्रकाशन १९७० चे. पुढे बऱ्याच वर्षांनी अवयवदान कायद्याची मुळे धुंडाळताना कळले की ब्रिंटन हे टोपणनाव. खरा माणूस लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलातला मज्जाविकारतज्ज्ञ, डॉ. क्रिस्टोफर पॅलिस. जन्म १९२३ चा, आणि तोही मुंबईतला. तेव्हापासून या गृहस्थाने माझा पिच्छा सोडलेला नाही, कारण आज महाराष्ट्रात माणूस ‘ब्रेन डेड’ ठरतो तो बराचसा त्यांच्याच विचाराने.

सणसवाडीत राहणाऱ्याला हा विषय शोधायला लांब जावे लागत नाही. दाराशी नगर रोड. कोरेगाव भीमा आणि शिक्रापूरच्या मध्ये कंटेनर, कंपनीच्या बस आणि शिफ्ट सुटलेल्या दुचाक्या एकाच वेळी घुसतात. डोक्याला मार लागलेला पोरगा इथून तीसेक किलोमीटरवरच्या पुण्यात पोचतो, व्हेंटिलेटरवर जातो, आणि दोन-तीन दिवसांनी नातेवाइकांना बाजूला बोलावून सांगितले जाते की तो गेला. छाती वरखाली होते आहे, अंग गरम आहे, मॉनिटरवर नाडी धावते आहे. आई विचारते, ‘मग हा गेला कसा?’ प्रश्न अडाणीपणाचा नाही. १९५९ मध्ये पॅरिसच्या मोलारे आणि गुलों या डॉक्टरांनी असे रुग्ण पहिल्यांदा नीट वर्णन केले, तेव्हा त्यांनीही त्याला मृत्यू म्हणायचे टाळलेच होते. हार्वर्डच्या समितीने १९६८ मध्ये ते धाडस केले, पण निकष संपूर्ण मेंदूचा ठेवला. ब्रिटिशांनी १९७६ मध्ये सगळा भर मस्तिष्कस्तंभावर दिला. आपण ब्रिटिशांचे ऐकले. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा ४ फेब्रुवारी १९९५ पासून ज्या राज्यांत प्रथम लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते.

मस्तिष्कस्तंभ म्हणजे मेंदू आणि मणक्यातला मज्जारज्जू यांना जोडणारा, अंगठ्याएवढ्या जाडीचा देठ. जागे राहण्याची कळ त्याच्या वरच्या भागात, श्वासाची खालच्या टोकाला. पॅलिस यांचे म्हणणे एवढेच होते, की भान येण्याची क्षमता आणि आपोआप श्वास घेण्याची क्षमता दोन्ही कायमच्या गेल्या की माणूस मेला. हृदय त्यानंतर काही काळ चालेल. ते मागे उरलेले काम आहे. यासाठी त्यांनी शिरच्छेदाचा दाखला दिला. मुंडके उडाल्यावर धडातून रक्ताची चिळकांडी उडते, म्हणजे हृदय चालू आहे. तरी त्या माणसाला जिवंत कोण म्हणेल?

मराठी माणसाला हे पटवायला इंग्रज डॉक्टर लागू नये. पुरंदरावर १६६५ मध्ये मुरारबाजी देशपांडे पडला, शिर तुटल्यावरही त्याचे धड लढत राहिले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ही कथा सांगणारा कोणीही असे म्हणत नाही की धड लढत होते तोवर मुरारबाजी हयात होता. मरण कुठे असते हे आपल्याला ठाऊक आहे. अतिदक्षता विभागात ते डोळ्यांना दिसत नाही, एवढीच अडचण.

पॅलिस स्वभावाने भांडकुदळ असावेत. ऑक्सफर्डला असताना कम्युनिस्ट पक्षाने त्यांना काढून टाकले, मग ते ट्रॉट्स्कीवाद्यांत गेले, तिथेही रमले नाहीत, आणि १९६० च्या सुमारास ‘सॉलिडॅरिटी’ नावाचा स्वतंत्र गट काढून बसले. दिवसा रुग्ण तपासायचे, रात्री पुस्तिका लिहायच्या. त्यांची खरी कसोटी ऑक्टोबर १९८० मध्ये लागली. बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमाने विचारले: अवयव देणारे खरेच मेलेले असतात का? मेंदूमृत ठरवूनही बचावलेले अमेरिकेतले रुग्ण पडद्यावर दाखवले. ब्रिटनमध्ये हाहाकार उडाला. डॉक्टरमंडळी बीबीसीवर तुटून पडली. त्यांचे उत्तर असे, की यातला एकही रुग्ण आमच्या निकषांत बसलाच नसता. उत्तर बरोबर होते, पण त्याला ‘आम्हाला कळते, तुम्ही गप्प बसा’ असाही एक वास होता. पॅलिस यांनी निराळा मार्ग धरला. एकेक पायरी उलगडून सांगणारी लेखमाला त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिली. १९८३ मध्ये तिचे छोटे पुस्तक झाले. अधिकाराच्या जोरावर काही मान्य करू नका, पुरावा मागा, ही ब्रिंटनची खोड डॉ. पॅलिसच्या पानापानांत दिसते, असे माझे मत आहे.

तपासणीत यंत्रे फारशी नसतातच. बॅटरीच्या उजेडात बाहुली आकसते का, ते पाहायचे. बुबुळावर कापसाचा बोळा टेकवला तर पापणी हलते का? कानात बर्फाचे पाणी सोडले तर डोळे सरकतात का? श्वासनळीत नळी घातली तर ठसका लागतो का? शेवटी व्हेंटिलेटर सोडवायचा, प्राणवायू देत राहायचा, रक्तातला कर्बवायू चढू द्यायचा आणि छातीकडे टक लावून पाहत थांबायचे. प्रत्येक चाचणी देठाच्या वेगळ्या मजल्याचे दार ठोठावते. आपल्या कायद्यात चार डॉक्टर लागतात, आणि किमान सहा तासांनी हे सगळे पुन्हा करावे लागते.

पण पॅलिस यांचा खरा आग्रह चाचण्यांच्या आधीच्या पायरीवर होता. आधी कारण सांगा. मेंदूला न भरून येणारी इजा झाली आहे हे नक्की आहे का? गुंगीची औषधे, थंडावलेले शरीर, स्नायू लुळे करणारे द्रव्य, यांपैकी काही नाही ना? हे झाल्याशिवाय बॅटरी खिशातून काढायची नाही.

हे वाचताना मला आमच्याकडची मण्यार आठवते. काळीनिळी, चकचकीत, अंगावर पांढरे बारीक पट्टे. पावसाळ्यात रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश इतका हलका, की पुष्कळदा झोपही मोडत नाही. खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास थांबतो. विष मज्जातंतूच्या टोकाशी बसून स्नायूला जाणारा निरोपच बंद करते. अशा रुग्णाची बाहुली विस्फारून स्थिर झालेली असू शकते, पापणी हलत नाही, ठसका लागत नाही, श्वास नाही. वरची प्रत्येक चाचणी तो हुबेहूब मेलेल्या माणसासारखी देईल; आणि आत मेंदू शाबूत, कदाचित सगळे ऐकतही असेल. असे रुग्ण काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून चालत घरी गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. हाफकिनची सर्पविषरोधक लस मण्यारीवरही आहे, पण विष एकदा रुतून बसले की ती तोकडी पडते. मग जीव वाचवतो तो कृत्रिम श्वास. आमच्या भागात भाड्याच्या खोलीत चटईवर झोपणारे कामगार शेकड्यांनी आहेत, म्हणून हा मुद्दा मला लंडनच्या वादापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

उलट टोकाचा घोटाळा अरुणा शानबागच्या बाबतीत झाला. केईएममधली ही परिचारिका १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होती, आणि वर्तमानपत्रे वाचून अनेकांचा समज झाला की ती ब्रेन डेड आहे. ती नव्हती. स्वतः श्वास घेत होती, आवाज काढत होती. सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०११ च्या निकालात ते स्पष्ट केले. देठ जिवंत होता, म्हणून ती जिवंत होती.

कायद्याची एक गाठ मात्र सुटायची आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा मस्तिष्कस्तंभाचे नावही घेत नाही. ती व्याख्या फक्त अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे. मग घरच्यांनी अवयव द्यायला नकार दिला, की तोच माणूस कोणत्या कागदाने मेलेला, हे सांगताना डॉक्टर कचरतात. व्हेंटिलेटर चालू राहतो, बिल चढत राहते. मरण अवयवांसाठीच जाहीर करतात, हा लोकांचा संशय इथूनच येतो, आणि तो मला अगदी निराधार वाटत नाही. केरळने २०२० मध्ये आदेश काढून मेंदूमृत्यूचे प्रमाणपत्र अवयवदानापासून वेगळे केले. महाराष्ट्रातही दान मिळो न मिळो, मरणाचा कागद एकच असायला हवा.

तोवर, वाचकहो, अशी वेळ आलीच तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: मेंदूला इजा कशाने झाली, बाकीची कारणे वगळली का, आणि दोन्ही तपासण्या सहा तासांच्या अंतराने झाल्या का. आणि रुग्ण अपघाताविना, पहाटे झोपेतून उठून असा झाला असेल, तर तो रात्री जमिनीवर झोपला होता हे त्यांनी न विचारताही सांगा.