आपला कोण, परका कोण?

इ. स. 1700 च्या एप्रिलात साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यास औरंगजेबाचा वेढा पडून चार महिने लोटले होते. 13 तारखेस मोगलांनी तटाखाली दोन सुरुंग उडविले. पहिल्याने गडावरील पुष्कळ लोक गाडले गेले. किल्लेदार प्रयागजी प्रभूही ढिगाऱ्याखाली सापडले, परंतु जिवंत निघाले. दुसऱ्याने बुरूज उलटा बाहेर कोसळला आणि हल्ल्यासाठी खाली दाटीने उभे असलेले सुमारे 2000 मोगली सैनिक चिरडले गेले. सुरुंग ज्यांचा, प्राणही त्यांचेच गेले.

शस्त्र सोडणाऱ्यास आपली माणसे कोठे आहेत हे ठाऊक असावे, हा सेनासंचालनातील जुनाच प्रश्न होय. आता तो बव्हंशी संगणकाकडे सोपविलेला आहे. सातारा व सांगली या जिल्ह्यांतील कित्येक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलगे सैन्यात जात आले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावास तर 'मिलिटरी' हा शब्दच चिकटला आहे. तेथे हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही.

रडारला विमान दिसते ते एका ठिपक्याच्या रूपाने. एकच विमान तीन रडारांनी टिपले, तर ठिपके तीन होतात. विमान मात्र एकच, हे कोणीतरी ठरवावे लागते. 1940 साली इंग्लंडात हे काम माणसे करीत. दूरध्वनीवरून वर्दी येई आणि मोठ्या मेजावरील नकाशावर खुणेच्या सोंगट्या सरकविल्या जात. जेट विमानांच्या वेगापुढे ते हात अपुरे पडले. 1958 पासून अमेरिकेत 'सेज' नामक व्यवस्थेत हे काम संगणक करू लागले. भारतीय वायुसेनेची एकात्मिक नियंत्रण व्यवस्था आणि भूसेनेची 'आकाशतीर' या त्याच कुळातल्या. दोन्ही भारत इलेक्ट्रॉनिक्सने घडविल्या. आकाशतीरचा सुमारे 1,982 कोटी रुपयांचा करार मार्च 2023 मध्ये झाला, व मे 2025 च्या संघर्षात दोन्ही परस्परांस जोडून वापरल्या गेल्या. संगणक ठिपके जुळवितो, वेग व दिशा मांडतो आणि तेच चित्र सर्व ठाण्यांना एकाच वेळी पोहोचवितो.

खरी अडचण त्यापुढे आहे. पहारेकरी परवलीचा शब्द विचारतो, तसा जमिनीवरून विमानातील ओळखयंत्रास सांकेतिक प्रश्न जातो. बरोबर उत्तर आले, तर विमान आपले. उत्तरच आले नाही, तर ते शत्रूचे ठरते काय? मुळीच नाही, यंत्र बंदही असू शकते. 27 फेब्रुवारी 2019 रोजी काश्मीरात बडगामजवळ वायुसेनेच्याच क्षेपणास्त्राने तिचे एमआय-17 हेलिकॉप्टर पाडले. आतील सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्यू पावला. ओळखयंत्र बंद होते, आणि जमिनीवरील अधिकारी व वैमानिक यांच्यातील संपर्कातही उणीव होती, असे चौकशीत निघाले. म्हणजे रडारने आपले काम केले होते. चुकले ते पुढचे.

आकाशतीरमध्ये चित्र सर्वांस सारखे दिसते, मारा करण्याचा अधिकार मात्र आघाडीवरील तुकड्यांकडे सोपविता येतो. वरून हुकूम येईतो थांबण्याचा वेळ त्यामुळे वाचतो. परंतु परवलीचे उत्तर न देणाऱ्या ठिपक्याचा उलगडा तेथे बसलेल्या अधिकाऱ्यासच करावा लागतो, आणि तोही काही क्षणांत.