मैत्री केंद्रावर जूनमधला एक दिवस

सकाळी ७. गजर झाला, पण खिडकीबाहेर रात्रच. अंटार्क्टिकावरचं आपलं मैत्री केंद्र जवळपास ७१ अंश दक्षिणेला आहे. मेच्या उत्तरार्धात मावळलेला सूर्य इथं जुलैच्या उत्तरार्धातच पुन्हा दिसतो. मी खोलीतले सगळे दिवे लावतो.

८. नाश्ता. पोहे कसे झालेत यापेक्षा टेबलावर कोण आलं नाही, याकडे डॉक्टर म्हणून माझं लक्ष. जो सलग तीन दिवस दिसत नाही, त्याची झोप सरकायला लागलेली असते. माणसाच्या मेंदूतलं घड्याळ मुळात थोडं मंद. हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटानं १९९९ मध्ये त्याचा फेरा सरासरी २४ तास ११ मिनिटांचा मोजला. सकाळचा उजेड ते रोज जागेवर आणतो. तो मिळाला नाही, तर महिन्याभरात साडेपाच तासांचा फरक पडू शकतो.

१०. भूचुंबकत्वाची उपकरणं सांभाळणारा पनवेलचा सहकारी आला. "डॉक्टर, पहाटे चारपर्यंत डोळाच लागत नाही हो. आणि दुपारी बसल्या जागी पेंगतो." त्याला झोपेच्या वेळा लिहायला सांगितल्या होत्या. वही पाहिली: दर रात्री थोडा थोडा उशीर. आळस नाही हा, आजारही नाही. गोळी मागत होता, दिली नाही. उठल्या उठल्या तासभर प्रखर पांढऱ्या दिव्यासमोर बस, आणि रात्री जेवणानंतर लॅपटॉप बंद, एवढंच सांगितलं. ब्रिटिशांच्या हॅली केंद्रावर ध्रुवीय हिवाळ्यात असा प्रखर उजेड देऊन शरीराचं घड्याळ सरकवता येतं, हे १९८७ मध्येच दिसलं आहे.

दुपार. वादळ नाही, म्हणून प्रियदर्शिनी तलावापर्यंत चालून आलो. ऐन मध्यान्हीही सूर्य क्षितिजाखाली चार अंश. उत्तरेला केशरी पट्टा, आणि सगळा मिळून साडेतीन तासांचा संधिप्रकाश. खोलीतल्या ट्यूबपेक्षाही तो मंद असतो, घड्याळ लावायला पुरत नाही. तरी मी सगळ्यांना बाहेर काढतो. माणसं परत येतात ती बोलती होऊन.

४. चहा. मिशेल सिफ्र यांची गोष्ट सांगितली. १९६२ मध्ये हा फ्रेंच भूवैज्ञानिक आल्प्समधल्या बर्फाच्या गुहेत घड्याळाशिवाय दोन महिने राहिला, झोप आली की झोपला. बाहेर काढलं तेव्हा तारीख होती १४ सप्टेंबर. त्याच्या हिशेबानं २० ऑगस्ट. पनवेलकर गप्प ऐकत होता.

रात्री १०. दिवे मंद केले. आगीच्या भीतीनं एकाला रात्रभर जागावंच लागतं.

पुढच्या तुकडीच्या डॉक्टरांसाठी नोंद: रात्रपाळी एकाच माणसावर सलग टाकू नका, आणि रात्रपाळीवाला सोडून बाकी सगळ्यांना हिवाळाभर आठचा नाश्ता सक्तीचा करा.