पऱ्हाटीच्या ढिगातला हिवाळा

सेलू-परभणीकडे बर्फ पडत नाही, म्हणून इथली थंडी किरकोळ समजू नये. डिसेंबर 2018 च्या अखेरीस परभणीचा पारा 3 अंशांच्या आसपास उतरला होता. माणसांनी शेकोट्या पेटवल्या. रानातल्या जिवांची सोय वेगळी असते.

नाग-धामणीला अंगची ऊब नाही. गारठ्यात पचन मंदावतं, म्हणून त्या दिवसांत खाणंही जवळजवळ बंद. काळ्या रानातल्या भेगा, जुनी वारुळं यांत पडून राहायचं, ऊन चढलं की बांधावर यायचं. भोरड्यांचं उलटं. मध्य आशियातली थंडी चुकवून आलेले त्यांचे थवे हुरड्यातल्या ज्वारीवर तुटून पडतात. गोफण घेऊन राखणीला बसणाऱ्याला विचारा! पुढे पळस, पांगारा, काटेसावर फुलली की त्या मकरंदावर ताव मारतात आणि एप्रिलच्या सुमारास तिकडे नाकतोड्यांवर पिल्लं वाढवायला परततात.

खरी बिलंदर मात्र गुलाबी बोंडअळी. दिवस लहान झाले, रात्री गार पडल्या की शेवटच्या पिढीतल्या बऱ्याच अळ्या कोषात न जाता सुप्तावस्थेत जातात. वाळलेली कवडी फोडली तर एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या सापडतात. अळीनेच त्या धाग्यांनी जोडलेल्या असतात. उकलल्या की आत मुडपून बसलेली, जेमतेम सेंटिमीटरभर गुलाबी अळी. धुऱ्यावर जळणासाठी रचलेल्या पऱ्हाटीत, जिनिंगमधल्या सरकीत तिचा असा मुक्काम कित्येक महिने चालतो.

ऊन तापू लागलं, दिवस वाढला की पतंग निघू लागतात. सगळे एकदम नव्हे, थोडे थोडे, पावसाळ्यापर्यंत. इथेच त्यांची कोंडी करता येते. पतंग जगतो जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात कपाशीचं पातं-फूल मिळालं नाही, तर बहुतेकांची पुढची पिढी होतच नाही. फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर कपाशी काढा, पावसाआधी लागवड नको, हा कृषितज्ज्ञांचा सल्ला याच हिशेबावर उभा आहे. 2017 साली मराठवाड्यात या अळीने घातलेला धुमाकूळ पाहिल्यावर तो पटलाही. पण भाव चढला की आणखी एका वेचणीचा मोह होतो, आणि चुलीला पऱ्हाटीइतकं फुकटचं जळण दुसरं कुठलं?

चुलीत जायची असेल तर ती पळस फुलायच्या आत जावी. उरलेली यंत्रात बारीक करून कंपोस्टच्या खड्ड्यात.