भरती जिथे दमते

उधाणाच्या दिवशी रोह्यात कुंडलिकेच्या काठी उभे राहिले, की नदी समुद्राकडे जायचे विसरल्यासारखी वाटते. पाणी थबकते आणि बघता बघता काठ चढू लागते. रेवदंड्याला खाडीत शिरलेल्या समुद्राची ही शेवटची धाव. इथून वर गोडे पाणी, भातखाचरे आणि मग सह्याद्रीची भिंत.

आता नकाशा उघडून बघा. अंबा नदीवर नागोठणे अशाच जागी आहे. पेणचे जुने बंदर अंतोरे, भोगावतीच्या खाडीवरचे, तेही तसेच. भरती जिथे दमते तिथे बाजार वसला, कारण मालाला तिथे वाहन बदलावे लागे. मचव्यातून उतरलेले मीठ आणि सुकी मासळी गोणींत भरून बैलांच्या पाठीवर चढायची आणि घाटाच्या वाटेला लागायची. देशावरचे धान्य आणि कापड त्याच वाटेने खाली यायचे. हे एकदा ध्यानात आले, की पेण-रोह्याच्या मुलखाकडे मला दुसऱ्या नजरेने बघताच येत नाही.

वाट किती जुनी, ते डोंगरच सांगतो. पालीच्या पलीकडे, सवाष्णी आणि वाघजाई घाटांच्या पायथ्याशी ठाणाळे आणि खडसांबळ्याची बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. आज रानात हरवल्यासारखी वाटणारी ती जागा तेव्हा हमरस्त्यावर होती. भिक्षूंना दान लागे आणि घाट चढणाऱ्याला निवारा.

पण या साऱ्या मुलखात मला सर्वांत बोलके वाटते ते कुडा. रोह्याहून दक्षिणेला, तळ्यामार्गे मांदाडच्या खाडीवर गेले की ही लेणी लागतात. पेरिप्लस या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात पहिल्या शतकातल्या बंदरांची नावे आहेत. त्यातले ‘सेमिल्ला’ म्हणजे चौल आणि ‘मंदगोरा’ म्हणजे हेच मांदाड असावे, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. इथे महाभोज मांदव घराण्याची सत्ता होती. त्यांच्या लेखनिकाने, शिवभूतीने, इथे लेणे कोरवले. ते राजदरबारचे झाले. त्याच्या शेजारची नावे मात्र वाचत राहावीत अशी. एका लेण्याचा दाता आहे महिक, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी. कऱ्हाड! म्हणजे सह्याद्रीच्या पार पलीकडे, कृष्णा-कोयनेच्या संगमावर. तिथला एक लोहवाणी घाट उतरून खाडीपर्यंत येतो आणि परमुलखातल्या कातळावर आपले नाव कोरून जातो. लेण्यांचे दान देणाऱ्यांत एक माळी आहे. अयितिलु नावाच्या ब्राह्मण उपासकाची पत्नी भयिला आहे. तिने चैत्यगृह दिले.

आणि सोमदेव नावाचा वैद्य. याने दानलेखात सगळे घरच आणून बसवले आहे. वडील इसिरखित, तेही वैद्यच. मुलगे नाग, इसिरखित आणि शिवघोष. मुली इसिपालिता, पुसा, धम्मा आणि सपा. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची आपली रीत त्या कातळात दिसते, आणि मुलींची नावे मुलांइतक्याच आदराने घेतलेली दिसतात. त्याहून नवल हे, की बुद्धाच्या भिक्षूंना लेणे देणाऱ्या या घरात शिवघोष आणि धम्मा ही सख्खी भावंडे होती. धर्मांच्या चौकटी आपण किती नंतर, किती घट्ट आखल्या, हे त्या ओळीसमोर जाणवते.

वाट पुढे चालूच राहिली. इ.स. 916 च्या सुमारास अरब प्रवासी मसूदी चौलला, त्याच्या ‘सैमूर’ला, पोचला. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान तिथे राहतात, असे त्याने लिहून ठेवले. 1469 च्या सुमारास रशियातल्या त्वेर गावचा अफानासी निकितिन एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि तिथून पालीपर्यंत यायला त्याला आठ दिवस लागले. आज ते अंतर दोनेक तासांचे. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलायला सांगितले. बिचाऱ्याची सुटका एका खुरासानी मुसलमानाच्या मध्यस्थीने झाली. नागोठण्याचा दगडी पूल त्यानंतरच्या शतकातला, चौलच्या काझी अल्लाउद्दीनने बांधलेला.

आणि बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटले, सात जोडपी वाचली, असे त्यांची परंपरा सांगते. किनाऱ्यावरून ही मंडळी खाड्यांच्या काठाने आत सरकली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद. म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. हिब्रू प्रार्थना पुष्कळशी विसरली, पण शनिवार विसरला नाही. आडनावे त्यांनी गावांवरून घेतली: पेणकर, रोहेकर, आणि रोह्यासमोर कुंडलिकेपलीकडच्या अष्टमी गावावरून अष्टमकर. पेणला त्यांचे सिनेगॉग आहे.

इस्रायल राष्ट्र झाल्यावर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. पण नवस फेडायचा असला किंवा घरात मंगलकार्य असले, की प्रेषित एलियाहू हन्नाबीसाठी मलिदा मांडला जातो. शब्द फारसी आणि पदार्थ पुरता कोकणी: भिजवलेले पोहे, त्यात ओले खोबरे आणि साखर कालवलेली, वर फळे रचलेली. लोद आणि अश्दोदमधल्या घरांत पेणकर-रोहेकर मंडळी आजही त्यासाठी पोहे भिजत घालतात.